मावशीच्या बाथरूममधला दांडा
टाइलला ड्रिलने भोक पाडताना उडणाऱ्या धुळीचा वास आला, की मला डोंबिवलीतलं मावशीचं बाथरूम आठवतं. मावशी एकटी राहायची. एकदा ती तिथे घसरली, तेव्हा टिटवाळ्याला राहणाऱ्या तिच्या मुलाने बजावलं, "पुन्हा पडलीस तर सरळ माझ्याकडे यायचं." तिला घर सोडायचं नव्हतं, म्हणून मी घाईघाईने भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला. तरी माझ्या जिवाला चैन नव्हतं. आठवड्याने बघायला गेलो, तर दांड्यावर ओळीने परकर वाळत! "अगं, हा धरायला आहे!" मी ओरडलो. "मी काय म्हातारी आहे दांडे धरायला?" मग मी नाटकी थाटात तिला पडून दाखवायला गेलो आणि ओल्या फरशीवर खराच घसरलो. हात दांड्यावर पडला, पण ओल्या परकरासकट सटकला आणि मी धपकन खाली. मावशी हसली नाही. तिने एकेक परकर उतरवला, एका हाताने दांडा घट्ट धरला आणि दुसरा मला दिला. "ऊठ. टिटवाळ्याला सांगू नकोस." आज तसाच दांडा आमच्याकडे बसतोय, आणि बायको विचारतेय, "यावर टॉवेल टाकता येईल ना हो?"