एडिसनहून युरोप चालवणारे काका

युरोप खंडाचा कारभार ब्रसेल्सहून चालतो अशी तिकडच्या लोकांची प्रामाणिक समजूत आहे. प्रत्यक्षात तो न्यू जर्सीतल्या एडिसनहून, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातून चालतो, आणि तो चालवतात आमचे शेजारचे काका. काका मूळचे नागपूरचे, मी अकोल्याची. दोघंही बौद्ध, त्यामुळे मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला हक्काचं माणूस म्हणून ताब्यात घेतलं. रिटायर झालेला इंजिनियर इथे एक तर गोल्फ शिकतो, नाही तर मागच्या अंगणात टोमॅटो लावतो. काकांनी युरोपची संसद बघायला घेतली. त्या संसदेत वंशभेदाविरुद्ध आणि विविधतेसाठी काम करणारा खासदारांचा एक गट आहे, असं त्यांना कुठेतरी कळलं आणि त्या दिवसापासून तो गट काकांचा सख्खा नातेवाईक झाला. तिकडे सकाळचं कामकाज सुरू झालं की इकडे काका पहाटेच स्वेटर आणि माकडटोपी घालून टीव्हीसमोर. त्या खासदारांबद्दल ते भाच्या-पुतण्यांबद्दल बोलावं तसे बोलतात. "आपली बेल्जियमची पोरगी आज जाम भडकली होती!" किंवा "फिनलंडच्या पोराला सर्दी झाली वाटते, आवाजच फुटून नाही राहिला." युरोपशी काकांचा प्रत्यक्ष संबंध म्हणाल, तर नागपूरला जाताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर खाल्लेलं एक सँडविच, तेही काकूंनी घरून बांधून दिलेलं.

इथल्या राजकारणाशी मात्र काकांचं काही देणंघेणं नाही. टाउनशिपच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण मत मागायला दारात आला, तर काकांनी त्याला आत बसवून चहा पाजला आणि युरोपातल्या नोकरभरतीच्या कायद्याबद्दल त्याचं मत विचारलं. तो बिचारा रस्त्यावरचे खड्डे बुजवायचं आश्वासन घेऊन आला होता. तो घाईघाईने निघून गेल्यावर मी म्हटलं, "काका, तुम्हाला युरोपात मत नाही, घर नाही, कोणी ओळखीचं नाही. मग कशाला एवढं?" काका म्हणाले, "मत नाही म्हणूनच ना! आपल्याला कोणाची खुशामत करा लागत नाही."

या गटाकडून शिकलेलं सगळं काका एडिसनमध्ये लागू करतात. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात जाऊन त्यांनी मालकाला विचारलं की, तुमच्याकडच्या पाकिटांवरच्या सगळ्या बाया एवढ्या गोऱ्या कशा? हळद काय गोऱ्या लोकांनीच खायची? मालक गुजराती आणि शहाणा. "अंकल, आप दाल लीजिए ना," एवढंच म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पण खरी धमाल झाली ती एका मराठी घरच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने आपला पदार्थ आणायच्या जेवणाला. तिथे पद्धत अशी की शाकाहारी पदार्थ डायनिंग टेबलवर आणि चिकन-मटण आणणाऱ्यांनी आपापली भांडी गराजमधल्या फोल्डिंग टेबलावर ठेवायची. काकांनी सावजी चिकनचं झाकलेलं पातेलं सरळ आत नेऊन श्रीखंडाला खेटून ठेवलं. यजमानीणबाई धावत आल्या, "काका, प्लीज यार, ते तिकडे ठेवू या का?" काका शांतपणे म्हणाले, "युरोपात सत्तावीस देश एका टेबलावर बसतात, आणि तुमचं श्रीखंड माझ्या कोंबडीशेजारी बसून नाही राहिलं?" पातेलं तिथेच राहिलं. त्यानंतर काकांना त्या घरचं बोलावणं आलं नाही, पण पातेलं मात्र त्या दिवशी सर्वात आधी रिकामं झालं होतं, हे काका कोणालाही ऐकवतात.

या सगळ्यात काकांना मनापासून भावलेली गोष्ट म्हणजे त्या संसदेतला एका मिनिटाचा नियम. तिथे साध्या सभासदाला बोलायला एक मिनिट मिळतं, मिनिट संपलं की माइक बंद. आमची एप्रिलमधली जयंती दर वर्षी इथल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन होते आणि तिथे भाषणं अशी रंगायची की जेवण गार होऊन पोरं खुर्च्यांवर झोपून जायची. काकांनी बेसमेंटमध्ये बसून एक डबी तयार केली. ती माइकला जोडली की एक मिनिट झाल्यावर खट्‌ आवाज येतो आणि माइक मुका होतो; पुढचा माणूस आला की पुन्हा नवं मिनिट सुरू. पहिल्याच वर्षी त्या डबीने समितीच्या अध्यक्षांना "आणि म्हणूनच मला असं वाटतं की" इथे कापलं. अध्यक्षांना काय वाटत होतं ते अजून कोणाला कळलेलं नाही. लोक वरवर चिडले, पण सगळ्यांनी गरम जेवण जेवलं.

काकांना त्या गटाकडून एकच गोष्ट हवी होती. गटाच्या प्रत्येक निवेदनात वंश असतो, रंग असतो, धर्म असतो, मूळ देश असतो. जात नसते. ती घाला, म्हणून काका वर्षानुवर्षं ईमेल करत होते, आणि "आपल्या संदेशाबद्दल आभार" एवढंच उत्तर यायचं. या वर्षी मात्र चमत्कार झाला. बेल्जियमची ती पोरगी, म्हणजे चांगली पन्नाशीची बाई, आई-वडील आफ्रिकेतून तिकडे आलेले, न्यूयॉर्कला कसल्याशा परिषदेसाठी येणार होती. तिच्या ऑफिसातून निरोप आला की, रविवारी दुपारी थोडा वेळ तुमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला येता येईल. गटाचं नवं निवेदन तयार होत होतं आणि त्याचं काम तिच्याकडे होतं. काकांना जो शब्द घालायचा होता, तो आता घातला तर घातला. काकांनी सूट ड्राय क्लीन करून आणला, आरशासमोर तालीम केली, काकूंना ऐकवून ऐकवून हैराण केलं.

रविवारी बाई आल्या. हॉल गच्च भरला. काका माइकसमोर उभे राहिले आणि आयुष्यातली सर्वात काकासारखी चूक करून बसले. कोणा देशाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी युरोपातल्या सगळ्या अधिकृत भाषांमधून आभार मानायचं ठरवलं होतं. फ्रेंच झालं, जर्मन झालं, पोलिश झालं. लिथुआनियनला जीभ अडखळली म्हणून तो शब्द पुन्हा म्हटला. माल्टीज संपवून "अँड नाऊ, मॅडम, माय ओन्ली रिक्वेस्ट" म्हणाले आणि खट्‌! माइक मुका. हॉल ओरडला, "काका, बोला! डबी काढा!" अध्यक्ष तर स्वतः तार उपटायला उठले. बाईही हसून हाताने बोला म्हणत होत्या. काकांनी नकारार्थी मान हलवली. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले आणि खाली येऊन बसले. हा हट्टी म्हातारा आता आयुष्यभर पस्तावणार, असं मला वाटलं आणि त्यांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही.

तेवढ्यात काकू उठल्या. काकूंनी आजवर कुठल्याही कार्यक्रमात स्वयंपाकघराच्या दारापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. "अहो, खाली बसा," काका कुजबुजले. "माझं मिनिट शिल्लक हाय," काकू म्हणाल्या आणि पदर सावरत माइकपाशी गेल्या. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये त्यांनी सांगितलं ते असं. आम्ही या देशात नवीन आलो होतो. शेजारी मराठी कुटुंब होतं. माझी मुलगी पाच वर्षांची. त्यांच्या मुलीचा बर्थडे होता, बोलावणं होतं, आम्ही गिफ्ट आणलं. आदल्या दिवशी त्या मुलीच्या आईने आमचं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग फोन आला की, पार्टी कॅन्सल केली. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी नवीन फ्रॉक घालून खिडकीत बसली होती आणि समोर फुगे घेऊन पोरं जात होती. गोरी पोरं होती, चिनी पोरं होती, काळी पोरं होती. "मॅडम, त्या बाईची स्किन आणि माझी स्किन सेम होती," काकू म्हणाल्या. "तरी."

डबी अजून वाजली नव्हती. काकू बोलायच्या थांबल्या होत्या. बाईंनी एकच प्रश्न विचारला, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? "जात," काकू म्हणाल्या. बाईंनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. काका जमिनीकडे बघत होते. युरोपभर वणवण करणाऱ्या या माणसाने ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती.

निवेदन शरद ऋतूत आलं. काकांनी भिंत ठोकून मला बोलावून घेतलं. लांबलचक वाक्य होतं, आणि त्यात शेवटून दुसऱ्या जागी, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, तो शब्द होता. काकांनी चष्मा पुसला आणि ॲरिझोनात, चँडलरला राहणाऱ्या लेकीला फोन लावून स्पीकरवर टाकला. आईचं भाषण, तो बर्थडे, खिडकी, फ्रॉक, सगळं तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "दॅट्स अमेझिंग, बाबा. बट व्हॉट बर्थडे? आय डोन्ट रिमेंबर एनी ऑफ दॅट."

फोन ठेवल्यावर काका हसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद मी तो शब्द वाचतानासुद्धा पाहिला नव्हता. "ऐकलं का," ते काकूंना म्हणाले, "तिला आठवूनच नाही राहिलं." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आपणच दोघं घेऊन बसलो होतो."