बेटावरच्या पोरीचे दात

पुतळाबाईंचा विश्वास कशावरच नसे. दुकानदाराचा तराजू, डॉक्टरची सुई, एसटीची पाटी, सगळं त्या दोनदा तपासत. पाण्याचा तांब्या हातात आला की आधी आत डोकावणार, मगच तोंडाला लावणार. नवरा गेणबा म्हणायचा, "हिला देव भेटला तर आधी त्याचं गाव इचारंल." पण ही सगळी वरवरची गंमत. बाईंचा खरा संशय घरातच राहत होता आणि रोज त्यांच्याच हातची भाकरी खात होता. तो होता सासूवर, रतनबाईवर.

बहात्तरच्या दुष्काळात पुतळाबाईंना पहिली मुलगी झाली. तेव्हा घरची मेंढरं मांडवगणच्या खाली, भीमेतल्या बेटावर बसायची, आणि माणसंही तिथंच. पोर जन्मल्यापासून किरकिरी. तीन-चार महिन्यांची असेल. एके दिवशी पुतळाबाई तिला सासूजवळ ठेवून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा पोर गप्प झाली होती, ती कायमचीच. रडकं पोर निजवायला म्हातारी बटव्यात अफू बाळगते हे सगळ्यांना माहीत होतं, पण विचारलं कुणीच नाही. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत. हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्यांसकट तिला बेटावरच्या बाभळीखाली पुरलं.

त्या दिवसापासून पुतळाबाईंनी सासूच्या हातचं पाणी घेतलं नाही. पुढची दोन्ही लेकरं त्यांनी पाठीला बांधून रानात नेली. म्हातारीला वेळेवर वाढलं, दुखलंखुपलं पाहिलं, पण तिनं भरलेला तांब्या तसाच ओतून दिला. मेंढरं गेली, ऊस आला, म्हातारीची दृष्टी गेली, तरी हे चालूच.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात पुण्याहून माणसं बेटावर खोदायला आली. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती म्हणे. ती माणसं काय खात, कशानं आजारी पडत, हे त्यांच्या हाडांवरून आणि दातांवरून कळतं म्हणे. पुतळाबाईंनी नाक मुरडलं. जित्या माणसाच्या तोंडून खरं निघत नाही, मग मेलेल्याच्या दातांतून काय निघणार? सोनंच शोधत असतील मेले! पण खोदकाम बाभळीकडं सरकायला लागलं, तशा त्या रोजंदारीवर माती वाहायला गेल्या. कामाला कसल्या, पाळतीवर गेल्या.

तिथं सीमाताई म्हणून हाडांची जाणकार होती. मडक्यात पुरलेल्या एका प्राचीन बाळाचा दात तिनं भिंगाखाली धरला. "बघा मावशी, ही आडवी खाच. बाळाची उपासमार झाली की दाताची वाढ अडते. तशी खूण राहते."

"एवढ्याशाला दात कुठनं आलं?"

"हिरडीच्या आत असतात. पुढचे तर आईच्या पोटातच घडायला लागतात."

पुतळाबाईंनी भिंगच उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना हे बोलणंही संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी मातीत काळे मणी दिसले. पुतळाबाईंच्या हातून घमेलं पडलं.

"हात लावू नका! ती माझी हाय."

काम थांबलं. मणी जुने नाहीत हे सीमाताईनंही ओळखलं. "घरी न्या मावशी. तुमचीच आहे ती."

"न्हेते. पर आदी दात बघा." बाई खड्ड्याच्या काठाशी बसल्या. "अफूची खूण पडती का त्याच्यावर?"

सीमाताईनं माती झाडून हाडं मोकळी केली आणि बराच वेळ भिंग लावून दात पाहिले. "अफूचं दातावरून कळत नाही, मावशी. पण ही पोटात होती तेव्हापासूनच उपाशी होती. दाताचं कवच कच्चं राहिलंय. फार अशक्त जन्मली असणार. जगली असती का, सांगता येत नाही."

पोटुशी असतानाचे ते महिने पुतळाबाईंना आठवले. घरात एकच भाकरी असली की "मला भूक न्हाई" म्हणत रतनबाई ती सुनेकडं सरकवायची. हे त्या विसरल्या नव्हत्या. हिशेबात धरलं नव्हतं, एवढंच.

पदरात हाडांचं गाठोडं घेऊन त्या घरी आल्या. म्हातारी ओट्यावर बसली होती. पुतळाबाईंनी मणी तिच्या हातात ठेवले.

"आत्याबाई, पोरीला अफू दिली व्हती का?"

म्हातारी मणी चाचपत राहिली. "दिली असती गं. लई कळवळत व्हती. पर बटवा रिकामा व्हता. बोट बुडवून पानी लावलं व्हटाला, ते बी गिळलं न्हाई तिनं."

"मग तुमी कवा बोलला का न्हाई?"

"तू कवा इचारलंस?"

म्हातारी खरं बोलत होती का? पुतळाबाईंना कळलं नाही, आणि आता ते सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्या ओट्यावर टेकल्या. चोवीस वर्षांचा राग एकदम जड झाला, आणि पोटच्या पोरीसाठी त्या पहिल्यांदा सासूसमोर रडल्या.

"सकाळी तिला परत मातीत ठिवू. तुमी बी चला," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आत्याबाई, तहान लागलीय."

आंधळी म्हातारी भिंत धरत उठली, रांजणापाशी गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं. पुतळाबाईंनी तांब्या घेतला आणि आत न बघता तोंडाला लावला.