पोत्यांना पाय नसतात

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही. मी मुदखेडचा फिटर. लोखंड, वेल्डिंग, नट-बोल्ट – हातात धरता येईल तेवढंच खरं, असं मानणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण त्या दिवशी गाडीत मी स्वतः बसलो होतो... आणि शेजारी माझी लेक.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. उदगीरच्या अप्पांचा मेळ्यात लावायचा छोटा रोलर कोस्टर होता, ड्रॅगनच्या तोंडाचा. दुष्काळात मेळे ओस, त्यात ड्रॅगनला पोरं कंटाळलेली. अप्पा म्हणाले, "मिस्त्री, रूळ तेच ठेवा, गाडी बदला. सीटा रुळाच्या बाहेर, दोन्ही अंगाला. पाय मोकळे लोंबले पायजेत. लई चालून राहिलंय म्हणे तसलं."

नवी गाडी जुनीपेक्षा जड. म्हणून उताराच्या तळाशी, जिथं रूळ जमिनीपासून पुरुषभर उंचीवर येतो, तिथं मी बाहेरून एक तिरपा पाईप टेकू म्हणून वेल्ड केला. चाचणीला एरवी आम्ही सीटवर पाण्याचे कॅन बांधायचो. त्या साली पाणी कुठलं? वाळूची पोती बांधली. वीस फेऱ्या मारल्या, कुठं काही अडलं नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे – गाडी ज्यानं जोडली, त्यानं आधी आपलं घरचं माणूस घेऊन बसायचं, मग पब्लिक. अप्पांनी नारळ फोडला. मी तसलं मानत नाही, पण ही रीत मानतो. माझ्या बारा वर्षांच्या प्रज्ञाला पुढं, बाहेरच्या सीटवर बसवलं. शेजारी मी.

गाडी चढली, सुटली. प्रज्ञा किंचाळत हसत होती. आणि ऐन तळाशी, जिथं वेग सगळ्यात जास्त, तिथं गाडी थांबली. धक्का नाही, करकर नाही... झोळी हातानं थांबवावी, तशी.

माझं टाळकं सटकलं. "ब्रेक कुणी मारला रे?"

अप्पा खालून ओरडले, "ब्रेक फक्त फलाटावर हाय ओ! तिथं कुठून येईल?"

खरं होतं, मीच बसवलेला. "मग ढकला मागून!" म्हणालो. अप्पा आणि दोघं गडी एक टेबल ओढून त्यावर चढले, रेटायला लागले. गाडी हलेना.

"पप्पा, थांबा नं," प्रज्ञा म्हणाली. "त्या पाईपला माझे पाय लागतील की."

वीतभर पुढं माझाच पाईप. बरोबर तिच्या नडगीच्या उंचीवर. पोत्यांना पाय नसतात, हे वीस फेऱ्यांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिला उतरवलं आणि तिथंच मातीत बसकण मारली. रडलो, लाज कसली? अप्पा पाठीवर हात ठेवून नुसतं "मिस्त्री... मिस्त्री..." म्हणत राहिले.

पाईप कापला. मग तीच गाडी एका हातानं ढकलली तर सुटली! चाकं उघडली, बेअरिंग पाहिले, रूळ चाचपला – काही नाही. टेकू रुळाच्या बरोबर खाली, सरळ लावला आणि पोती घालून, रिकामी, अर्धी भरून, कैक फेऱ्या मारल्या. तिथं ती पुन्हा कधी थांबली नाही. अप्पा म्हणतात महादेवानं धरली. मी म्हणतो, माहीत नाही. फिटरला हे म्हणणं लई जड जातं, पण खरंच माहीत नाही.

प्रज्ञा आता पोलीस भरतीची तयारी करून राहिली. सकाळी पळायला जाते. परतताना तिच्या बुटांचा आवाज गल्लीत येतो ना, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवतो... आणि ती दारात येईस्तोवर नुसता ऐकत बसतो.