माझ्या मठ्ठ्यावर लेझर

हिंडलग्यातल्या एका वास्तुशांतीनंतर पाहुण्यांची पोटं बिघडली आणि आरोप आला माझ्या मठ्ठ्यावर. मी लग्नाकार्याचा आचारी. यजमान अण्णा भर गल्लीत म्हणाले, "आचारी बदला रं!" संध्याकाळी खासबागेतल्या वधूपित्याचा फोन: "परवा लग्न हाय. उद्या रिपोर्ट दाखवा, न्हाय तर दुसरा बघतो."

एरवी तपासणीत जंतू वाढवायलाच दोन-तीन दिवस जातात. पण माझी भाची बेळगावच्या एका कॉलेजात अशा यंत्रावर काम करते, जे नमुन्यावर लेझर सोडून विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख काढतं. प्रत्येक जंतूचा आलेख वेगळा. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या, त्या दिवशी उरलेल्या मठ्ठ्याचा डबा घेऊन मी तिथे नाटकातल्या राजासारखा शिरलो.

पडद्यावर नुसता डोंगर उमटला.

"मामा, हळदीची फोडणी दिलीसा व्हय?"

"तेच तर माझं गुपित!"

"तुमचं गुपित लेझरमध्ये एवढं चमकतंय, की बाकी काय दिसंना."

त्याच दह्याचं विरजण घरी होतं. ते आणलं. भाची म्हणाली, "जंतू हायत." मी डब्यावर झाकण ठेवलं. मग ती हसली, "दह्याचेच हायत, मामा. पण मठ्ठ्यात आणि काय घातलंतं?"

"बर्फ. अण्णांनी आणलेला. ओतला मात्र मी."

तसाच हिंडलग्याला गेलो. गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात अण्णांच्या बायकोला म्हणालो, "आक्का, त्या दिवशीचा उरलेला बर्फ द्या. माझ्या बदनामीला लावतो!" अण्णा दारात आडवे आले. आक्कांनी त्यांना बाजूला सारून पिशवी दिली.

बर्फ वितळवून, ते पाणी यंत्रात गरगरा फिरवून गाळ खाली बसवून भाचीनं लेझर सोडला. आलेख पोट बिघडवणाऱ्या जंतूशी जुळला. "पण हा कच्चा निकाल," तिनं बजावलं. "पक्का दोन दिवसांनी."

मी खासबागेत फोन लावला. "दही माझं चांगलं. बर्फात घाण दिसते, आणि तो न बघता मी ओतला. पक्का कागद लग्नानंतर येईल. बिनबर्फाचा मठ्ठा पाहिजे तर सांगा. पण भिऊन गप घरात बसणारा मी न्हवं!"

वधूपित्यानं अट घातली.

"पहिला पेला आमच्यासमोर तुम्ही प्यायचा."

"दोन पितो!"

प्यालो. मंडपाच्या मधोमध, खुर्चीवर उभा राहून.