बिडाच्या ठोकळ्याखाली

कासारवाडी स्टेशनबाहेर बूट दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. चाकणच्या एका कंपनीत मी प्लॅनिंगला आहे. रिकामा दिवस दिसला की माझा हात शिवशिवतो. आमच्या लडाखच्या ट्रेकचं वेळापत्रकही मीच आखलं होतं. उंचीवर शरीर रुळावं म्हणून तिथल्या गाइडने मागितलेला मुक्कामाचा दिवस मी बेधडक काढून टाकला होता.

बाईंनी माझ्या बुटाचा सुटलेला सोल चिकटवला, अंगठ्याने कडेकडेने दाबला आणि बूट बिडाच्या जड ठोकळ्याखाली ठेवला.

“उद्या या.”

“चिकटला की! आत्ताच द्या ना, डोंगरात जायचंय.”

“न्हाई. उद्यापातुर हात लावायचा न्हाई.”

“म्हणजे दिवसभर नुसता पडून राहणार?”

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. “पडून कुठं? धरतोय त्यो. डोंगरात सुटला तर मला हाक मारनार हाय का?”

आणि बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चपलेकडे वळल्या.

मी तिथेच उभा राहून गाइडला फोन लावला आणि तो मुक्काम परत घालायला सांगितला.

तो हसला. “साब, वो दिन मैंने काटा ही नहीं था.”