कूलरची चप्पल

एकोडीच्या ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, मनिरामच्या घरी ओसरीवर एक चप्पल असे. रबरी, निळ्या पट्ट्यांची, जाड तळाची. ती कुणा एकाची नव्हती. घरच्यांच्या चपला पायरीखाली उन्हात तापत पडलेल्या असत, ही मात्र धुतल्या-पुसल्या ओसरीवर, मानाच्या पाहुण्यासारखी कूलरच्या शेजारी बसलेली. ज्याला कूलरमध्ये पाणी टाकायचं त्यानं आधी तिच्यात पाय घालायचे, कारण कूलर चावत असे.

'चावते' हा शब्द भागीरथाचा, मनिरामच्या बायकोचा. काही वर्षांमागं ओल्या पायांनी बादली रिकामी करताना तिचं बोट पत्र्याला लागलं आणि ती मागं फेकली गेली. उठून बसली, केस सारखे केले आणि म्हणाली, "चावला मेला." सगळे हसले. त्या हसण्यानंच घात केला. करंट म्हटलं असतं तर घर घाबरलं असतं, चावतो म्हटल्यावर कूलर घरातला कुत्रा झाला. कुत्र्याला जपून राहायचं, हाकलायचं नाही. शेजारची पुष्पाबाईसुद्धा कधी पाणी टाकायला आली तर दुरूनच विचारी, "कुत्र्याची चप्पल कोठी हाय वो?"

आणि मनिरामचा त्या कूलरवर जीव होता, हेही खरं. हर्षा, त्याची लेक, ऐन नवतपात जन्मली होती. नवतपा म्हणजे जेठातले ते दिवस, जेव्हा भंडारा जिल्ह्यात भिंतीला पाठ टेकवत नाही. लेकराच्या पाठीवर घामोळ्यांचा नुसता लाल गालिचा. त्या वर्षी तलावानं हात भरून मासळी दिली होती. मनिराम भंडाऱ्याला गेला आणि एसटीच्या टपावर लोखंडी कूलर बांधून घेऊन आला. मोहल्ल्यातला पहिला कूलर. नाटकाच्या मंडपात पुढची जागा धरावी तशी माणसं अंगणात बसली, पंखा घुमला, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा पहिला गार झोत बाहेर आला आणि टाळ्या पडल्या. बारकी हर्षा त्या झोतात झोपली ती थेट दिवे लागेपर्यंत.

पुढं कधी पंप बदलला, कधी मोटर भरून आणली. ताट्या दर होळीनंतर नव्या, टाकीला आतून डांबर. जुना राहिला तो पत्रा आणि त्याच्या पोटातली वायर. "अजून एक उन्हारा काढते थो," मनिराम दरवर्षी म्हणायचा, आणि कूलर काढायचा.

मग मागच्या दिवाळीनंतर मनिरामला लकवा मारला. उजवं अंग गेलं. तलावावर या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा आवाज गेला आणि तोंडात एकच अक्षर उरलं, 'बा'. पाणी पाहिजे, बा. माशी बसली, बा. राग आला तरी बा.

यंदा होळीनंतर कमलेश मिस्त्री कूलर उघडून बसला आणि त्यानं पाना खाली ठेवला. "काकू, याले आता मोटर नोको, निरोप द्या. पत्र्यात करंट उतरून राहिला. बंद केला का पंखा काडीनं ढकलल्याबिगर फिरत नाई. म्हनून तुम्ही बंदच करत नाई, चालू कूलरात पानी टाकता. बटन बंद कराची भीती वाटते अशी मशीन घरात ठेवाव का?"

मुलाला, मुन्नाला, पटलं. भागीरथानं खाटेकडं पाहिलं. मनिराम त्याच शब्दापाशी अडकला होता, निरोप. चालेना झालं की निरोप. तो आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. हात बाजेवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडला होता. मग त्यानं डावा हात हलवला. नाही.

घरच्यांनी आजारी माणसाचं मन राखलं. कूलर राहिला, चप्पल राहिली, पंखा ढकलायची बांबूची काडी कोपऱ्यात राहिली.

नवतपा लागला त्या आठवड्यात हर्षा पहिल्या बाळंतपणासाठी नाकाडोंगरीहून माहेरी आली. आठवा महिना, पाय सुजलेले, चेहरा मात्र उजळलेला. लग्नानंतर ती सणासुदीला यायची ती थंडीत, कूलरवर पोतं पांघरलेलं असताना. तो चावू लागला तिच्या लग्नानंतर, म्हणून त्याचं हे चावरेपण तिनं पाहिलंच नव्हतं.

दुपारी भागीरथा दळण घेऊन गिरणीवर निघाली. जाता जाता दारातून म्हणाली, "कूलरपाशी जपून वो, चावते थो."

"हो माय," हर्षा म्हणाली. गंजलेल्या पत्र्याच्या कडा बोटाला लागत असतील, असं तिनं धरलं.

मुन्ना तलावावर होता. घरात बाप आणि लेक. मनिरामची लाकडी बाज आतल्या खोलीत, बरोबर दारासमोर. दारातून ओसरीवरचा कूलर पूर्ण दिसे. पडदा उघडल्यावर रंगमंच दिसावा तसा.

हर्षानं झाडू घेतला. आईच्या घरात आल्यावर बसून राहणारी ती पोर नव्हती. झाडता झाडता कूलरपाशी आली आणि थबकली.

"ओसरीवर चप्पल कोनं ठेवली?" ती स्वतःशीच म्हणाली. "मी गेली अन् घराची रीतच गेली." तिनं झाडूच्या टोकानं निळी चप्पल ढकलली. एक पायरीवरून घरंगळली. दुसरी अंगणात जाऊन उलटी पडली.

मनिरामचे डोळे त्या उलट्या चपलेवर खिळले.

"बा," तो म्हणाला.

"काय बा?" ती हसली. तीही त्याला बाच म्हणत असे. सकाळपासून दोघांचा हाच खेळ चालला होता. त्यानं बा म्हणायचं, तिनं बा म्हणायचं.

कूलरचा पंप कोरडा खरखरला. झोत गरम येऊ लागला. हर्षानं हात धरून पाहिला. "पानी सरलं वाटते."

"बा. बा. बा."

"हो, हो. गरम होऊन राह्यलं ना तुमाले? आनतो पानी."

ती आत गेली. नळाखाली बादली वाजली. मनिराम ऐकत होता. बादलीत पाणी चढताना आवाज जाड होत जातो, तसा तो होत गेला. त्यानं जीभ टाळूला लावायचा प्रयत्न केला. च. नुसता च. ज्या तोंडानं आयुष्यभर वाऱ्यावर हाका मारल्या, त्या तोंडाला एक च जमेना. जिभेचं टोक दातांमागं लुळं पडून राहिलं आणि घशातून पुन्हा तेच बाहेर आलं.

त्या एका अक्षराची आता त्याला भीती वाटू लागली. तो ओरडेल तितकी ती घाई करील.

हर्षा दारात आली. गाऊनचा घेर वर खोचलेला, पाय ओले, अनवाणी. दोन्ही हातांत जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची बादली. पाण्याचे थेंब तिच्या पावलांमागं फरशीवर ठिपके काढत आले. ती कूलरच्या बाजूला उभी राहिली, श्वास घेतला आणि बादली पोटाच्या वर उचलू लागली.

मनिरामच्या डाव्या हाताशी स्टीलचा ग्लास होता.

त्या ढिवरांच्या कामात एक खूण होती. जाळं आवळत आणलं की डोंग्यावरचा माणूस डोंग्याच्या लाकडी कडेवर थाप मारी. ठक. ठक. ठक. ती ऐकली की पाण्यातल्या माणसानं जिथं आहे तिथं थांबायचं. पाय उचलायचा नाही, हात हलवायचा नाही. एकानं पाऊल हलवलं तर गाळ ढवळतो आणि मासळी त्याच्या पायाखालून निघून जाते. हर्षा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून बापासोबत कंबरभर पाण्यात उभी राहिली होती. थाप तिच्या कानात नव्हती, हाडात होती.

मनिरामनं ग्लास उचलला. त्यातलं पाणी त्याच्याच छातीवर सांडलं. सगळा जीव डाव्या खांद्यात आणून त्यानं बाजेच्या लाकडावर थाप मारली.

ठक. ठक. ठक.

हर्षा थांबली. विचार करून नव्हे, तिचं अंगच थांबलं. बादलीची कड पत्र्यापासून बोटभर दूर राहिली.

"बा," ती हळूच म्हणाली, "इथं कोन्ते मासे हायेत?"

मनिरामचे डोळे तिच्यावर होते. त्यांत गंमत नव्हती. ती जरा हलली तोच ग्लास पुन्हा वाजला. ठक. ठक. ठक. ती पुन्हा पुतळा. पण बादली जड होती आणि पोट त्याहून जड. तिचे दंड थरथरू लागले. पाणी हेलकावून कडेवरून ओघळलं, तिच्या पावलांवर पडलं, फरशीवरून, कूलर जिच्यावर उभा होता त्या लोखंडी घोडीकडं सरकू लागलं.

मनिराम ते पाणी पाहत होता. आता हात थांबवायचा नाही, एवढंच त्याला कळत होतं. थापेमागून थाप. ग्लासला पोचे पडले, बोटं सोलली.

भर दुपारी गावात डोंग्याची थाप कोण मारतंय, म्हणून पुष्पाबाई आपल्या दारात आली. ढिवराघरची बाई ती. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला आधी उलटी चप्पल दिसली. मग अनवाणी हर्षा.

"हर्षा," ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला होता. "पोरी, हालू नोको. पाय उचलू नोको."

"हात दुखून राह्यले, काकू."

"दुखू दे. कूलरले लागू देऊ नोको."

मेन स्विच बाहेर मीटरपाशी होता. पुष्पाबाईनं तिकडं धाव घेतली आणि अंगणातली वाळलेली काटकी उचलून तिच्या टोकानं खटका खाली पाडला. पंखा सुसाटत सुसाटत मंदावला. एकेक पातं डोळ्यांना दिसू लागलं आणि थांबलं. एवढी शांतता त्या घरात होळीपासून झाली नव्हती.

"आता ठेव."

बादली दाणकन् खाली आली. हर्षा भिंतीला टेकून बसली आणि तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. मग म्हणाली, "माय तं बोलली का थो चावते."

"चावते म्हने," पुष्पाबाईनं कपाळाचा घाम पुसला. "मीच तं कुत्रा म्हनत होती याले."

भागीरथा आली तेव्हा दळणाचा डबा तिच्या डोक्यावरच राहिला. सगळं ऐकून झाल्यावर तिनं तो उतरवून पायरीवर ठेवला. मग मुन्ना आला. त्यानं ओसरी कोरडी पुसली, निळी चप्पल अंगणातून आणून पायात घातली आणि खाटेवरच्या बापाकडं पाहिलं. मनिराम घामानं नाहून निघाला होता, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

"बाले लई गरम होऊन राह्यलं," मुन्ना म्हणाला. "आजच्या दिवस चालवून घेऊ. चप्पल घातली ना मी." त्यानं मेन वर केला, कोपऱ्यातून बांबूची काडी उचलली आणि जाळीतून पात्याला लावली.

ठक. ठक. ठक.

मुन्नाचा हात जागीच थांबला. सगळ्यांनी आत पाहिलं. मनिरामनं ग्लास खाली ठेवला आणि डावा हात पुढं पसरला. सोललेली बोटं काडीकडं उघडी.

"देऊन टाक," भागीरथा म्हणाली.

हर्षानं काडी घेतली आणि बापाच्या हातात दिली. त्यानं ती आपल्या पाठीखाली सरकवली आणि तिच्यावर पडून राहिला. मग कूलरकडं पाहिलं आणि अंगणाकडं बोट केलं.

"खरंच, बा?" मुन्नानं विचारलं.

"बा," मनिराम म्हणाला.

मेन पुन्हा खाली गेला, वायर निघाली. मोहल्ल्यातली चार माणसं आली. कूलर उचलताना बुडाचा गंजका पत्रा सुटून खाली पडला. कुणी हसलं नाही. अंगणात नेऊन त्यांनी त्याला भिंतीकडं तोंड करून उभा केला. मुन्ना साकोलीला निघाला. नवा आणायचा तो प्लास्टिकच्या अंगाचा आणि जोडायला कमलेशच येईल, तोवर कुणी वायरीला हात लावायचा नाही, हे त्यानं दारातच सांगितलं.

भागीरथानं निळी चप्पल उचलली आणि पायरीखाली, इतरांच्या चपलांत ठेवून दिली. मग दाराला ओलं लुगडं बांधलं.

ओसरीवर घोडीच्या पायांचे तांबडे डाग उरले होते. हर्षानं तिथंच चटई टाकली आणि अनवाणी पाय पसरून बसली. थोड्या वेळानं उठली, बाज दारापर्यंत ओढायला पुष्पाबाईला हाताशी घेतलं, आणि सुपानं बापाला वारा घालू लागली.

"माझ्यासाठीच आनला होता ना थो तुमी?" तिनं विचारलं.

मनिरामनं डोळे मिटले होते. वारा गरमच होता.

"बा," तो म्हणाला.