चंदेरी कागदाचं यान

कारखान्याच्या क्लबात टीव्ही आला आणि आमच्या नाटकाचं वाटोळं झालं. हे मी तेव्हाही बोललो होतो, आजही बोलतो.

नाटक अंतराळाचं होतं. पाणी शोधायला दुसऱ्या ग्रहावर निघालेलं एक यान, त्यातली चार माणसं, आणि गणपतीत रोज संध्याकाळी त्याचा एक भाग. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही ते पहिल्यांदा केलं. मी तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, त्यामुळं यान उभं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कॅप्टन झाले आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक.

दाजींना नाटकाचा गंध नव्हता. ते विहिरी खोदायचे. दुष्काळात येरमाळ्याकडच्या एका विहिरीत दरड कोसळली आणि ते कमरेपर्यंत गाडले गेले. त्यांना बाहेर काढेपर्यंत मी काठावर बसून होतो. वर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “खालून आभाळ लई बारकं दिसतं.”

त्या एका वाक्यावर मी यान बांधलं. अंतराळात गेलेला माणूस म्हणजे विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस, वर एवढंसं गोल आभाळ आणि दोर दुसऱ्याच्या हातात, असं माझं डोकं चाललं. साखरेची रिकामी पोती उसवली, गेरू आणि कोळशानं रंगवली आणि त्यांची मुरमाच्या थरांसारखी गोल भिंत रंगमंचावर उभी केली. विहिरीतला दगडगोटा वर ओढतात ती खरी यारी मागून आणली. तिच्या लोखंडी बादलीत उभा राहून कॅप्टन वरून यानात उतरायचा. उतरण्याआधी दाजी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवायचे, कारण आमच्याकडं वहाणा घालून कुणी विहिरीत उतरत नाही. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचं तेच करायचे. समोरच्या बायाबापड्या, खडी फोडून हाताला घट्टे पडलेल्या, त्या वेळी एकदम गप्प व्हायच्या. तसलं यान दुसऱ्या कुणी केलं नसेल. मला त्याचा गर्व होता, आणि आहे.

पुढं नाटक बंद पडलं. बऱ्याच वर्षांनी ते पुन्हा करायचं ठरलं तेव्हा सगळी सूत्रं कारखान्यातल्या नव्या केमिस्टच्या हाती गेली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तालमीच्या मांडवात जाऊन पाहिलं तर तळपायाची आग मस्तकात गेली. थर्माकोलच्या भिंती, त्यावर चंदेरी कागद, कागदावर लुकलुकणाऱ्या माळा. मधोमध ऑफिसातली फिरती खुर्ची. भिंतीवर ढीगभर बटणं, एकाचाही कशाशी संबंध नाही. तेलाच्या डब्यांना भोकं पाडून केलेले टोप आणि चंदेरी रंग फासलेले बूट. शेजारी गणपतीचं मखर उभं राहत होतं, त्याच कागदाचं, त्याच माळांचं. एका म्हातारीनं मखर समजून यानालाच हात जोडले, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

“हे काय आहे?” मी केमिस्टला विचारलं.

“यान, सर. यान असंच असतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“टीव्हीवर बघतो की आपण.”

“आणि टीव्हीवाल्यांनी कुठं बघितलं?”

“त्यांनी फॉरेनचं बघून केलं असणार.”

म्हणजे नकलेची नक्कल, आणि तीही धड नाही. हाताशी अख्खा मुलूख पडलेला असताना या लोकांना डब्यातलंच शिळं वाढून घ्यायचं होतं. वर नाटक आमचंच, पाणी शोधायचंच. त्या झगमगाटात बसलेल्या माणसांना तहान लागली असेल, असं कोण मानणार?

कॅप्टनचं काम पुन्हा दाजींनाच दिलं होतं. आता ते कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. जुन्या लोकांना कॅप्टन म्हणून तेच हवे होते, हे मला ठाऊक होतं. दाजींनी नाही म्हटलं असतं तर केमिस्टला झक मारत माझं यान परत आणावं लागलं असतं. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

“दाजी, तुम्ही या थर्माकोलच्या खोक्यात उभे राहू नका. त्यांना सांगा, विहीर बांधत असाल तरच येतो.”

दाजींनी तंबाखू मळायची थांबवली. “न्हाय म्हणणार म्या.”

“त्यांना ना?”

“तुमाला.”

मला वाटलं, फिरत्या खुर्चीची भुरळ पडली. तसं मी बोललोही, जरा जास्तच बोललो. बहीण आतून बाहेर आली. दाजींनी तिला हातानंच थांबवलं.

“मास्तर, रागावू नका. तुमच्या त्या विहिरीत म्या रोज उतरत हुतो. बादली खाली सुटली की वाटायचं, आता वरून माती येती. तोंडाला कोरड पडायची. लोकं म्हणायची, काय काम करतोय गडी! कसलं काम? म्या भ्यालेला आसायचो.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

“तुमी लई खुशीत हुता.”

मला राग आला, केमिस्टचा, दाजींचा आणि तोंड मिटून उभ्या असलेल्या बहिणीचाही. चहा न घेताच मी निघालो.

पहिल्या भागाला मी सगळ्यांत मागं बसलो. यान भिकारच होतं, दिव्यांत तर जास्तच. आपोआप सरकायचं दार मध्येच अडकलं. दाजींनी चंदेरी बुटाची एक लाथ घालून ते उघडलं, फिरत्या खुर्चीत बसून एक गिरकी घेतली आणि लोकांबरोबर स्वतःही पोट धरून हसले. माझ्या यानात कॅप्टन एकदाही हसला नव्हता. आम्ही सगळे त्याला अभिनय म्हणत होतो.